भिंतीलाही १०.४ देणारा ‘ट्रेनर’

टार्गेट पिशवीत गुंडाळलेले, रायफलची नळी कोऱ्या भिंतीकडे. ट्रिगर दाबला. पडद्यावर १०.४. पुन्हा दाबला, १०.२. तिसऱ्यांदा नळी मुद्दाम छताच्या कोपऱ्याकडे धरली, तरी १०.३. तीन महिने रोज याच ‘ट्रेनर’वर, म्हणजे नेम मोजून पडद्यावर गुण दाखवणाऱ्या संचावर, ड्राय प्रॅक्टिस (गोळी न भरता सराव) झाली होती. घरची सरासरी ९.६ वरून १०.३ वर पोहोचली, रेंजवर खऱ्या पेलेटने (एअर रायफलच्या छऱ्याने) मात्र ती जिथे होती तिथेच राहिली. नेमबाजाने दोष स्वतःकडे घेतला: मॅचचे टेन्शन, झोप, पोझिशन. भिंतीची चाचणी करायला पाच मिनिटे लागतात, ती सुचायला तीन महिने गेले.

या फसवणुकीत वस्तू बंद पडत नाही, उलट छान चालते आणि गोड बोलते. म्हणून तक्रार उशिरा होते, आणि तोवर माल परत करायची मुदत संपलेली असते.

खरा ट्रेनर काय मोजतो हे आधी पाहू. स्कॅट या नावाच्या संचासारख्या प्रकाशीय ट्रेनरमध्ये नळीवर बसवलेला सेन्सर टार्गेटकडे ‘बघत’ असतो. जुन्या प्रकारात टार्गेटच्या चौकटीतले इन्फ्रारेड दिवे दिसतात, नव्या प्रकारात छोटा कॅमेरा कागदावरचे काळे वर्तुळ ओळखतो. नळी नेमकी कुठे रोखली आहे याची रेषा पडद्यावर उमटते. स्कॅटमध्ये होल्डची (नेम धरून ठेवतानाची) रेषा हिरवी, शॉटआधीचा शेवटचा एक सेकंद पिवळा, शेवटचे ०.२ सेकंद निळे आणि शॉटनंतरचा फॉलो-थ्रू, म्हणजे नळी तशीच धरून ठेवण्याचा भाग, लाल. जाणता कोच आकडा नंतर बघतो, आधी निळा तुकडा बघतो. ट्रिगरला हिसका बसला तर तो तिथे शेपटीसारखा बाहेर पडलेला दिसतो.

यात लागणारी अचूकता ध्यानात घेतली की निम्मे भामटे तिथेच उघडे पडतात. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर १० चा ठिपका अवघा ०.५ मिमी, पेलेट ४.५ मिमी, दोन रिंगांमधले अंतर २.५ मिमी. म्हणजे दशांशातला एक आकडा ०.२५ मिमीचा. दहा मीटरवर हा कोन ०.०२५ मिलिरेडियन भरतो (एक मिलिरेडियन म्हणजे दहा मीटरवर १० मिमी). एवढे बारीक मोजायचे तर सेन्सरला टार्गेट दिसायलाच हवे.

वर सांगितलेला संच उघडल्यावर खुलासा झाला. पुढे काचेची चकती, तिच्याभोवती काळी रिंग, बाहेरून अगदी कॅमेऱ्याची लेन्स. दोन बारीक स्क्रू काढले तर चकतीच्या मागे रिकामी जागा. चकती गरम डिंकाने चिकटवलेली, डिंकाचे तंतू अजून लोंबत होते. आत नखाएवढा बोर्ड, त्यावर ब्लूटूथ आणि हालचाल ओळखणारी एक चिप, शेजारी छोटी बॅटरी. चिपचे काम एवढेच, ‘खट्’ झाले की फोनला कळवायचे. पुढचा आकडा ॲप स्वतः तयार करत होते, आणि सत्रामागून सत्र किंचित वाढवत होते. अभ्यासाचे फळ दिसल्यासारखे वाटावे म्हणून.

इथे एक न्याय करायला हवा. फक्त जायरो आणि ॲक्सिलरोमीटर (वळणे आणि हिसके ओळखणारे सेन्सर) असलेली प्रामाणिक उपकरणेही मिळतात. ती ट्रिगर दाबण्याआधीची आणि दाबतानाची थरथर मोजतात आणि हालचालीला गुण देतात. पण टार्गेट कुठे आहे हे जायरोला ठाऊक नसते. आठच्या रिंगवर नळी दगडासारखी स्थिर धरून ट्रिगर मऊ सोडला तरी ते पूर्ण गुण देणार, आणि त्यांच्या हिशेबी ते बरोबरच आहे. तेव्हा फक्त जायरो असलेले उपकरण टार्गेटवर भोक काढून दशांशात स्कोअर दाखवत असेल तर तो स्कोअर कुठून आला हे विक्रेत्याला विचारा. उत्तरात ‘एआय’ हा शब्द आला तर मालाला हात लावू नका.

आता चाचण्या. पहिली भिंतीची: टार्गेट काढा, नळी सुरक्षित दिशेला कोऱ्या भिंतीवर रोखा, ट्रिगर दाबा. काळे वर्तुळ दिसत नसेल तर प्रकाशीय ट्रेनरने शॉट नोंदवायलाच नको.

दुसरी कागदाची, आणि हीच खरी. रायफल दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, ठोकळ्यांमधले अंतर ५० सेंमी. वाळूच्या पिशव्या नकोत, त्या दबतात. ओरखडे नकोत म्हणून ठोकळ्यांना मास्किंग टेप लावा. रायफल हलणार नाही अशी टेकवून रेषा मध्यावर आणा. चांगल्या सेन्सरची रेषा इथे जवळजवळ ठिपका होते. मग पुढच्या ठोकळ्यावर प्रिंटरचे साधे कागद पाच घाला. एक कागद सुमारे ०.१ मिमी, पाच म्हणजे ०.५ मिमी. ५०० मिमीवर ०.५ मिमी उचलले की दहा मीटरवर रोख १० मिमी वर जातो, म्हणजे एअर रायफलच्या तब्बल चार रिंगा. पडद्यावरचा ठिपका तेवढाच वर सरकायला हवा. त्या संचाने पाच कागद घातल्यावरही १०.३ दाखवले. कागद काढून एकेक घालत गेलात तर दर कागदाला साधारण २ मिमी सरकायला हवे, थोडे कमीजास्त चालेल, कारण ठोकळाही थोडा दबतो.

तिसरी चाचणी बोटाची. होल्ड चांगला घ्या आणि ट्रिगर मुद्दाम झटकन ओढा. आकडा पडला नाही, तर अशा उपकरणावर सराव करणे म्हणजे झटका पक्का करणे.

डेमो दाखवतानाची हातचलाखी वेगळी. सगळ्यात सोपी अंतराची: दहा मीटरचे पूर्ण मापाचे टार्गेट पाच मीटरवर लावायचे. हाताची तीच थरथर दहा मीटरवर १० मिमी फिरते, पाचवर ५ मिमी. स्कोअर एकदम वर, आणि गिऱ्हाईक खूश. कमी जागेत सराव करायचा तर टार्गेटही त्याच प्रमाणात लहान हवे: एअर रायफलचे काळे वर्तुळ ३०.५ मिमी असते, पाच मीटरवर ते साधारण १५ मिमी दिसले पाहिजे. डेमोला जाताना खिशात मोजपट्टी ठेवा. दुसरी चलाखी सेटिंगची. शॉटच्या क्षणी नळीला असलेला वेग भोकाच्या जागेवर किती परिणाम करेल, हे ठरवणारा गुणांक काही प्रोग्राममध्ये बदलता येतो. तो शून्याजवळ नेला की झटका माफ. डेमोआधी सेटिंगचा पडदा उघडून दाखवायला सांगा आणि त्याचा फोटो घ्या.

लेझर काडतुसांचा प्रकार आणखी निराळा. चेंबरमध्ये (नळीच्या मागे गोळी बसते त्या जागी) बसणारे पितळी काडतूस, मागे रबरी बटण, पिन आदळली की लेझरची चमक. यातली नेहमीची लबाडी म्हणजे ‘फॅक्टरीत अचूक जुळवलेले’ हा दावा. तपासायला बंदूक पक्की बांधा, काडतूस चेंबरमध्ये दर वेळी पाव वळसा फिरवून चार चमका घ्या आणि ठिपके कागदावर टिपा. दहा मीटरवर चारही ठिपके ४ सेंमी व्यासाच्या वर्तुळावर पडले तर लेझर अक्षापासून २ मिलिरेडियन तिरका आहे. काडतूस प्रत्येक वेळी एकाच स्थितीत बसत असते तर हा फरक वजा करता आला असता. स्वस्त काडतूस मात्र दर वेळी वेगळे बसते, मग ग्रुपचा, म्हणजे ठिपक्यांच्या पुंजक्याचा, अर्थच उरत नाही.

फोनच्या कॅमेऱ्यावर चालणाऱ्या ॲपचेही असेच. सेकंदाला ३० फ्रेमचा कॅमेरा ३३ मिलिसेकंदांनी एकदा बघतो. चमक १०० मिलिसेकंदांची असेल तर ती तीन फ्रेममध्ये पसरते आणि तेवढ्यात नळी सरकलेली असते. पहिली फ्रेम घेणारे ॲप बरे, तिन्हींची सरासरी काढणारे ॲप फॉलो-थ्रूची चूक शॉटच्या माथी मारते.

लेझरच्या लेबलवर भरवसा नको. दृश्य लेझरमध्ये वर्ग २ म्हणजे १ मिलिवॉटपर्यंत आणि ३आर म्हणजे ५ पर्यंत, पण स्वस्त मालावर चिकटवलेला वर्ग खराच असेल असे नाही. आरशासमोर, काचेच्या कपाटासमोर सराव करू नका. चेंबर दोनदा तपासणे आणि खरी काडतुसे खोलीबाहेर ठेवणे हे तर उपकरणाआधीचे काम.

सेकंडहँड संच घेताना हार्डवेअर खरे असूनही फसता येते. काही ट्रेनरचे सॉफ्टवेअर सीरियल क्रमांकाशी किंवा आधीच्या मालकाच्या खात्याशी बांधलेले असते. खाते सोडवून दिले नाही तर हातात नुसता डबा राहतो. पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉलवर सीरियल क्रमांक आणि आजची तारीख लिहिलेला कागद एकाच चौकटीत मागा, तो क्रमांक उत्पादकाला कळवून खात्री करा आणि विक्रेत्याने आपल्या खात्यातून उपकरण काढल्याचे समोरच बघा. ‘माल कस्टम्समध्ये अडकलाय, थोडी रक्कम अजून पाठवा’ हा निरोप आला की व्यवहार तिथेच थांबवा. दुसरी रक्कम गेली की तिसरीचा निरोप येतोच.

पार्सल आले की सील न फोडलेल्या अवस्थेपासून सलग व्हिडिओ काढा आणि भिंत, कागद, बोट या तिन्ही चाचण्या त्याच दिवशी करा, परतीच्या मुदतीत. स्क्रू मात्र मुदत संपेपर्यंत उघडू नका. उघडलेला माल परत घेत नाहीत, आणि लेन्सच्या मागे काही नाही हे पाच कागद बाहेरूनच सांगतात. तक्रारीसोबत कागदाच्या चाचणीचा व्हिडिओ द्या, ठोकळे, कागद आणि पडदा एकाच चौकटीत येतील असा. विक्रेत्याने ‘कॅलिब्रेशन चुकले असेल’ म्हटले तर त्याच्याकडूनच कॅलिब्रेशन करवून घ्या आणि लगेच भिंतीवर एक शॉट मारून दाखवा.