अंटार्क्टिकाची एक्स्पिडिशन क्रूझ: केबिन नंतर बघा, आधी प्रवासी मोजा

बडोद्यात अंटार्क्टिकाच्या क्रूझची चौकशी केली की एजंट सगळ्यात आधी केबिनचे फोटो दाखवतो. बाल्कनी, सौना, जेवणाचा हॉल. त्या फोटोंवर वेळ घालवू नका. सरळ विचारा, बोटीवर प्रवासी किती आणि दिवसातून किती वेळा किनाऱ्यावर उतरवतात? या सफरीचा सगळा पैसा त्या उतरण्यासाठी जातो. आकडा पटकन सांगता आला नाही तर समोरच्याने ही सफर नीट समजून घेतलेली नाही असं खुशाल समजा.

यामागे साधा हिशोब आहे. अंटार्क्टिकात पर्यटक नेणाऱ्या कंपन्यांची आयाटो ही संघटना १९९१ पासून आहे. तिच्या नियमांप्रमाणे एका जागी एका वेळी १०० पेक्षा जास्त प्रवासी किनाऱ्यावर असू शकत नाहीत आणि दर २० जणांमागे एक मार्गदर्शक लागतो. ५०० पेक्षा जास्त प्रवाशांच्या बोटीला तर कुणालाच उतरवता येत नाही. तशी बोट हिमनगांजवळून जाते आणि तुम्ही डेकवरून फोटो काढता. पत्रकावर मात्र तिलाही ‘अंटार्क्टिका क्रूझ’च म्हणतात, आणि ती स्वस्त असते म्हणून फसगत होते.

आता उतरणाऱ्या बोटींकडे या. ९०-१०० प्रवासी असतील तर सगळे एकदमच उतरतात आणि अडीच-तीन तास मिळतात. १८०-२०० असतील तर दोन गट पडतात. एक किनाऱ्यावर आणि दुसरा रबरी बोटीतून हिमनगांमध्ये, मग अदलाबदल. म्हणजे जमिनीवर सव्वा ते दीड तास. ४०० प्रवाशांवर चार गट होतात आणि पाऊण तास मिळाला तरी खूप. पेंग्विनांच्या वसाहतीत पहिली वीस मिनिटं तर नुसता कॅमेरा चालवण्यात जातात. घरट्यासाठी दगड चोरणारा जेंटू जातीचा पेंग्विन, अंडं पळवायला टपलेला स्कुआ पक्षी, हे शांत उभं राहिल्यावरच दिसतं. म्हणून आमची पसंती १०० ते २०० प्रवाशांच्या बोटीला. त्याहून लहान बोट जास्त डोलते आणि महाग पडते, पण बोट न लागणाऱ्यांसाठी तीच सर्वोत्तम.

अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआइया बंदराहून मुख्यतः दोन प्रकारच्या सफरी निघतात.

पहिली १०-११ दिवसांची, फक्त अंटार्क्टिक द्वीपकल्पाची. यातले जायचे दोन आणि यायचे दोन दिवस ड्रेक सामुद्रधुनीत जातात. पहिल्या दिवशी संध्याकाळी बोट सुटते आणि शेवटच्या दिवशी सकाळी नाश्ता झाला की उतरवतात. हाताशी उरतात चार-पाच दिवस. रोज दोनदा उतरणार असं पत्रकात लिहिलेलं असलं तरी वारा आणि बर्फ यात एखाद-दुसरं रद्द होतंच. सहा-सात वेळा पाय टेकले तर सफर चांगली झाली म्हणायची. क्युव्हरविल बेटावर जेंटू, हाफ मून बेटावर चिनस्ट्रॅप पेंग्विन, लेमेर खिंड, डिसेप्शन बेटाच्या बुडालेल्या ज्वालामुखीच्या तोंडात बोटीने शिरणं, पोर्ट लॉक्रॉयचं टपाल कार्यालय, ही नेहमीची ठिकाणं. यातलं कुठलं मिळेल याची हमी कोणी देत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून सावध राहा. अनेकांना वाटतं की आपलं ‘मैत्री’ किंवा ‘भारती’ केंद्रही बघायला मिळेल. ती दोन्ही खंडाच्या दुसऱ्या बाजूला आहेत, या मार्गापासून हजारो किलोमीटर लांब.

दुसरी १९-२० दिवसांची: फॉकलंड आणि दक्षिण जॉर्जिया ही दक्षिण अटलांटिकातली बेटं आणि मग द्वीपकल्प. खर्च जवळजवळ दुप्पट आणि समुद्रातले दिवसही जास्त. तरी एकदाच जायचं असेल आणि सुट्टी-पैसा दोन्ही जमत असेल तर हीच घ्या, असं आम्ही ठामपणे सांगू. प्राण्यांची जी दाटी दक्षिण जॉर्जियात आहे ती द्वीपकल्पावर नाही. सेंट अँड्र्यूज बे या एकाच किनाऱ्यावर किंग पेंग्विनांच्या दीड लाखाच्या आसपास जोड्या असतात. किंगचं प्रजननचक्र वर्षाहून लांब, चौदा ते सोळा महिन्यांचं. त्यामुळे कुठल्याही महिन्यात गेलात तरी तपकिरी लोकरीतली थोराड पिल्लं आणि अंडी सांभाळणारे मोठे पक्षी शेजारी शेजारी दिसू शकतात. उंदीर-घुशींनी इथले जमिनीवर अंडी घालणारे पक्षी संपवत आणले होते. अनेक वर्षांच्या मोहिमेनंतर २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं.

याच बेटावरच्या ग्रिटव्हिकेनला १९०४ मध्ये देवमासे मारण्याचं केंद्र सुरू झालं. गंजलेल्या तेलाच्या टाक्या अजून उभ्या आहेत आणि जवळच्या दफनभूमीत ध्रुवीय मोहिमांचा नायक शॅकल्टन याची कबर आहे. १९०४ ते १९६५ या काळात दक्षिण जॉर्जियात पावणेदोन लाख देवमासे कापले गेले. हा आकडा नुसता वाचून कळत नाही. निघण्यापूर्वी बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये मही नदीच्या मुखाशी सापडलेल्या देवमाशाचा सांगाडा पुन्हा एकदा बघून या. शेपटीपासून जबड्यापर्यंत सावकाश चाला आणि मग त्याला पावणेदोन लाखांनी गुणा. यातला सगळ्यात आशेचा भाग म्हणजे २०२० च्या पाहणीत याच पाण्यात ५५ निळे देवमासे नोंदवले गेले.

दक्षिण जॉर्जियाचा दोष म्हणजे लाटा. किनारे उघड्या समुद्राला तोंड देऊन आहेत, आणि हिमनदीवरून खाली कोसळणारा वारा दहा मिनिटांत शांत पाण्याचा फेस करतो. सेंट अँड्र्यूजला उतरणं त्यामुळे वरचेवर रद्द होतं. या बेटासाठी तीनऐवजी चार दिवस ठेवलेली सफर निवडायची ती याचसाठी. महिना निवडताना फर सील लक्षात घ्या. नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत नर किनारा अडवून बसतात, अंगावर धावून येतात, आणि सॉल्सबरी प्लेनसारख्या जागी उतरायला वाटच उरत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हत्ती-सीलचे अजस्र नर आणि नुकती दूध सुटलेली पिल्लं दिसतात. द्वीपकल्पाचं गणित वेगळं. नोव्हेंबरात स्वच्छ बर्फ, डिसेंबरअखेर ते जानेवारी पिल्लं, फेब्रुवारी-मार्चमध्ये देवमासे जास्त, पण वसाहतींत चिखल आणि विष्ठेचा उग्र वास.

आता प्रत्यक्ष उतरण्याबद्दल. इथे लोक गडबडतात, म्हणून जरा सविस्तर.

बोटीपासून किनाऱ्यापर्यंत झोडियाक नावाच्या रबरी बोटीतून नेतात, एका वेळी साधारण दहा जण. लाइफ जॅकेट घालायचं, आपल्या नावाची नोंद करायची (परत आल्यावर तीच पुन्हा, त्यावरूनच माणसं मोजतात), बूट जंतुनाशकाच्या तबकात बुडवायचे आणि शिडीवरून खाली. दोन्ही हात रिकामे हवेत. कॅमेरा सॅकमध्ये, काठी असेल तर ती आधी खलाशाच्या हातात. खलाशी पंजा धरत नाही, कोपराखाली धरतो आणि तुम्हीही त्याचा हात तिथेच धरायचा. ओला हातमोजा पंजातून निसटतो, कोपराखालची पकड निसटत नाही. एक पाय रबराच्या फुगीर कडेवर, दुसरा आत, आणि लगेच बसायचं. उभ्याने जागा शोधत राहिलात की पाण्यात जाल. किनाऱ्याशी बसल्या बसल्याच पाय बाहेर काढून गुडघाभर पाण्यात उतरायचं.

गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट बहुतेक कंपन्या वापरायला देतात आणि जाड पार्का भेट म्हणून देतात. पाण्याला दाद न देणारी पँट मात्र स्वतःची न्यावी लागते. ती बुटांच्या वरून सोडायची. बुटात खोचली की पहिल्याच लाटेला बूट भरतो आणि पुढचे दोन तास ओल्या मोज्यात काढावे लागतात. बडोद्याच्या दुकानांत मिळणारं रेनकोटचं पातळ पँट इथे टिकत नाही, खडकावर बसलं-घसरलं की फाटतं. थंडीची भीती मात्र अवाजवी आहे. उन्हाळ्यात द्वीपकल्पावर तापमान शून्याच्या आसपासच असतं. हाडं गोठवतो तो वारा. आत लोकरीचा थर, मधे फ्लीस, वर वारा अडवणारं, हे पुरतं. सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं.

आणि मुखवास. हे गमतीने सांगत नाही. उतरण्याआधी प्रत्येकाचे कपडे, सॅक, कॅमेऱ्याची बॅग, काठीचं टोक तपासतात. दक्षिण जॉर्जियात तर तिथले सरकारी अधिकारीही बोटीवर येऊन बूट उलटे करून बघतात. बोटीवरची तपासणी हे या सेवेतलं सर्वांत मनापासून केलेलं काम. व्हॅक्यूम क्लीनर, चिमटा, टूथब्रश घेऊन मार्गदर्शक बसलेले असतात. आपल्याकडच्या जॅकेटच्या खिशात काय सापडतं? शिवणीत अडकलेली बडीशेप, दोन-चार तीळ, धनाडाळीचा चुरा. वेल्क्रोच्या काट्यांत गवताचं कुसळ. बी परकं असलं तर ते तिथे रुजू शकतं, म्हणून एक दाणाही चालत नाही. घरूनच खिसे उलटे करून ब्रश मारा, वेल्क्रो सुईने साफ करा, बूट नवे नसतील तर तळव्यांतली माती टोकदार काडीने काढा. तिथे रांगेत तासभर वाचतो.

किनाऱ्यावर खाणं न्यायला बंदी आहे. बर्ड फ्लूमुळे नियम आणखी कडक झाले आहेत: जमिनीवर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, सॅक खाली ठेवायची नाही. पेंग्विनापासून पाच मीटर आणि फर सीलपासून पंधरा मीटर अंतर. पेंग्विन स्वतः जवळ आला तर स्तब्ध उभं राहायचं. एखादी जागा ऐन वेळी बंद झाली तर कंपनीला दोष देऊ नका.

ड्रेकमध्ये बोट लागते, भल्याभल्यांना लागते. घाटात गाडी लागणाऱ्यांनी अॅव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून आधीच ठरवावी आणि बोट बीगल खाडीतून मोकळ्या समुद्रात शिरण्यापूर्वी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकतच नाही. केबिन खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्यावरची घ्या. तिथे हेलकावे सर्वांत कमी आणि भाडंही कमी. एजंट वरची बाल्कनीवाली सुचवेल, तीच सर्वांत जास्त झुलते.

शाकाहारी जेवण आता बऱ्याच बोटींवर ठीक मिळतं, म्हणजे डाळ, पास्ता, सूप, सॅलड. जैन जेवणाचं मात्र तोंडी आश्वासन धरू नका. बुकिंग करतानाच लेखी कळवा, कारण सामान उशुआइयात एकदाच भरलं जातं, मधे बाजार नाही. खाखरे, चटणीची पुडी केबिनपुरती ठेवा. फळं, दुधाचे पदार्थ, बिया अर्जेंटिनाच्या विमानतळावरच काढून घेऊ शकतात. भारतीय आचारी असलेल्या ग्रुप टूर असतात, जेवण उत्तम मिळतं, पण अशी टूर मोठ्या बोटीवर असेल तर वरचा पाऊण तासाचा हिशोब आठवा.

प्रवासाचं वेळापत्रक घट्ट आखू नका. बडोद्याहून मुंबई किंवा दिल्ली, तिथून ब्वेनोस आइरेस, मग उशुआइया. ब्वेनोस आइरेसला परदेशी विमानं बहुतेक एसेइसाला उतरतात आणि देशांतर्गत बरीच दुसऱ्या, शहरातल्या विमानतळावरून सुटतात. मधे शहर ओलांडावं लागतं, म्हणून एक रात्र तिथे काढा. देशांतर्गत विमानात बरेचदा १५ किलोच सामान चालतं, जाड कपड्यांना ते कमी पडतं. उशुआइयाला बोट सुटण्याच्या किमान एक पूर्ण दिवस आधी पोहोचा. बोट कुणासाठी थांबत नाही, आणि हरवलेली बॅग दुसऱ्या दिवशीच्या विमानाने येते.

पिवळ्या तापाची लस विसरणारे पुष्कळ. आदिस अबाबा किंवा साओ पावलोमार्गे तिकीट स्वस्त पडतं, पण इथिओपिया, ब्राझील या देशांतून आणि अर्जेंटिनातूनही भारतात परतताना लसीचं प्रमाणपत्र मागू शकतात आणि नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. साठीच्या पुढच्यांनी घेण्याआधी डॉक्टरांशी नीट बोलावं.

खर्च ढोबळमानाने: छोटी सफर माणशी साधारण सहा ते बारा लाख, मोठी तेरा लाखांपासून पुढे. विमान, व्हिसा, विमा, टिप वेगळी. विम्यात आपत्कालीन सुटकेचं कलम वेगळं वाचा. साधी परदेश-प्रवास पॉलिसी इथे बहुतेक वेळा पुरत नाही, आणि कंपन्या ठरावीक रकमेचं संरक्षण असल्याशिवाय बोटीवर घेत नाहीत. टूरच्या पैशांवर आधीच घेतल्या जाणाऱ्या कराची (टीसीएस) रक्कम आयकराच्या विवरणपत्रात वळती होते, पण तोवर अडकून राहते, हे धरूनच पैशांची जुळणी करा.

हिमअस्वलं हवी असतील तर दक्षिणेला ती नाहीत, उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांवर जावं लागेल. ती सफर लहान आणि जवळची. पण २०२५ पासून तिथे अस्वलापासून किमान ३०० मीटर, मार्च ते जून ५०० मीटर अंतर ठेवावं लागतं, म्हणून चांगली दुर्बीण न्या. स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्राच्या, बाहेर असल्याने व्हिसा दोनदा प्रवेशाचा घ्यावा लागतो.

गुडघे दुखणाऱ्यांनी बोटीला लिफ्ट आहे का आणि झोडियाकची शिडी किती पायऱ्यांची आहे ते विचारावं. उतरणं जमलं नाही तरी झोडियाकमध्ये बसून हिमनगांतून फिरता येतं, तेही कमी नाही. बोटीवर डॉक्टर असतो, दाताचा डॉक्टर नसतो. कीड लागलेली दाढ निघण्याआधी महिनाभर बडोद्यातच दाखवून घ्या.