अडकलेली अक्कलदाढ: पूर्ण काढायची की फक्त माथा?

खालची अक्कलदाढ हाडात अडकून वारंवार सुजत असेल, तर सहसा ती पूर्ण काढतात. हिरडीला छेद देऊन भोवतीचं थोडं हाड कोरतात, दाढेचे तुकडे करून बाहेर काढतात आणि टाके घालतात. खरा प्रश्न मुळांचा. ती खालच्या ओठाला संवेदना देणाऱ्या नसेला चिकटलेली असतील, तर ओठ आणि हनुवटी बधिर होऊ शकते. बहुधा काही आठवड्यांत-महिन्यांत बधिरपणा उतरतो, क्वचित कायम राहतो.

अशा वेळी कोरोनेक्टॉमीचा विचार करतात: माथा कापायचा, मुळं हाडाच्या काठाखाली ३-४ मिमी राहू द्यायची. नसेचा धोका बराच घटतो. पण कापताना मुळं हलली, तर तीही काढावी लागतात. नंतर वर सरकून त्रास देऊ लागली तर दुसरी शस्त्रक्रिया. मुळाशी संसर्ग असेल तर हा मार्ग बंदच.

एक्स-रेत नस दूर असेल तर पूर्ण काढणंच बरं. चिकटलेली वाटली, तर आधी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) कराच.

सूज दोन्हींत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघाली, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो; पूर्ण काढल्यावर हे जास्त घडतं. म्हणून स्ट्रॉ, तंबाखू, मिश्री, जोरात चूळ, सगळं टाळा.