केदारकंठासाठी सांकरीतून भाड्याने घेतलेलं सामान

हिवाळ्यात उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर ट्रेकला जायचं ठरलं की पहिला प्रश्न खर्चाचा असतो. जॅकेट, बूट, स्लीपिंग बॅग विकत घ्यायची की तिथे जाऊन भाड्याने? मी आणि माझी मुलगी, आम्ही भाड्याने घेतली. ज्या दुकानातून घेतली ते दुकान मला मनापासून आवडलं, दोन गोष्टी मात्र खटकल्या.

डेहराडूनहून मसुरी, पुरोला, मोरी, नैटवाड असा जवळजवळ पूर्ण दिवसाचा प्रवास झाल्यावर गाडी पायथ्याच्या सांकरी गावात पोचते. तिथल्या एकुलत्या एक बाजाररस्त्यावर ट्रेकचं सामान भाड्याने देणारी दुकानं ओळीने आहेत. आम्ही ज्या दुकानात शिरलो ते एका जुन्या लाकडी घराच्या तळमजल्यावर होतं आणि शिरण्याचं कारण वरच्या सज्जात दिसलं. स्लीपिंग बॅगा उलट्या करून दोरीवर उन्हात घातल्या होत्या. इतर ठिकाणी त्या पिशव्यांत कोंबून फडताळात रचलेल्या दिसतात. बॅगेची ऊब आत भरलेल्या पिसांमध्ये अडकलेल्या हवेची असते, त्यामुळे बॅग महिनोन्‌महिने दाबून ठेवली की पिसं फुलेनाशी होतात. घामाचा दमटपणा राहिला की आणखीच. बॅगा वाळत घालणाऱ्या माणसाला आपलं काम कळतं, हे तिथेच लक्षात आलं.

बॅगेवरच्या तापमानाच्या आकड्यांबद्दल तर दुकानदारांनी स्वतःहून सांगितलं. चांगल्या बॅगेच्या लेबलवर ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’ असे दोन आकडे असतात. पहिला आकडा थंडी लवकर जाणवणाऱ्या बाईला धरून काढतात, दुसरा पुरुषाला धरून, आणि तोही अंग आखडून झोपण्याच्या हिशोबाने. विक्रेते बहुतेक वेळा दुसरा, जास्त थंडीचा आकडाच पुढे करतात. ह्यांनी आम्हा दोघींना सरळ ‘कम्फर्ट’ बघून बॅगा काढून दिल्या, शिवाय आत घालायला धुतलेले फ्लीसचे लायनर. वाटेतल्या जुडा का तालाब या तळ्याच्या वरच्या कॅम्पवर तंबूच्या आतल्या बाजूला श्वासाचं दव गोठून पांढरा थर धरला होता. त्या रात्री मला गाढ झोप लागली. पाय गरम होते, एवढं सांगितलं तरी ज्यांनी बर्फात रात्र काढली आहे त्यांना कळेल.

बुटांना सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा. जाड लोकरी मोजे घालायला लावून त्यांनी मला दुकानाच्या दगडी पायऱ्यांवरून खाली-वर चालायला सांगितलं. “आंटीजी, चढ़ना छोड़ो, उतरकर बताओ.” उतरताना अंगठा पुढे आपटला की तो बूट बाद. केदारकंठाची उंची साधारण ३,८०० मीटर आहे, आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. माथ्यावरून परतताना तेवढा उतार अंगठ्यांवर घेतला तर नखं काळी पडलीच म्हणून समजा. तिसरी जोडी बसली. मग त्यांनी बुटाचा वरचा भाग आणि खालचा रबरी तळवा यांच्या मधला फोमचा थर अंगठ्याने दाबून दाखवला. तो लवचीक हवा, भुगा पडता कामा नये, भेगा नकोत.

हा मुद्दा पुण्या-मुंबईच्या लोकांनी विशेष ध्यानात घ्यावा. अनेक बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा थर असतो आणि हवेतल्या ओलाव्याने तो वर्षानुवर्षं आतून कुजत जातो. बूट वापरला नाही तरी कुजतो. एका हिमालयीन ट्रेकसाठी घेतलेले महागडे बूट माळ्यावर चार पावसाळे काढतात आणि पुढच्या वेळी पहिल्याच चढावर तळवा उचकटून येतो. आमच्याच गटातल्या एका मुलाच्या घरच्या बुटांचं असं झालं, दोरीने बांधून त्याला खाली आणावं लागलं. दरवर्षी बर्फात जाणार असाल तर जरूर विकत घ्या. एकदाच जाणार असाल तर भाड्याचे, नीट तपासलेले बूटच बरे, असं माझं ठाम मत आहे.

मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटावर ताणून चढवायची रबरी पट्टी आणि तिला साखळीने जोडलेले छोटे लोखंडी दात. इथे दुकानदारांनी एक जोडी माझ्या हातातून परत घेतली, कारण साखळीची एक कडी तारेने जोडलेली निघाली. मी ती पाहिलीच नव्हती. उजेडात धरून प्रत्येक कडी फिरवून पाहिली आणि मगच दुसरी जोडी दिली. पहाटेच्या अंधारात माथ्याखालच्या टणक बर्फावर हे दात कचकच रुततात, तेव्हा पावलावर विश्वास बसतो. ऊन चढल्यावर ओला बर्फ दातांत गोळा होतो आणि पाय सटकायला लागतो. काठीने बुटाच्या कडेवर ठोकलं की तो गळून पडतो, हेही त्यांनीच सांगून ठेवलं होतं.

डाऊन जॅकेट, म्हणजे पिसं भरलेलं जॅकेट, ठीक होतं. बाहीवर ठिगळ होतं, पण पिसं छान फुललेली होती. ते चालताना घालायचं नसतं, थांबल्यावर घालायचं. चढताना घातलं तर घामाने पिसं भिजतात, गोळा होतात आणि नेमकी गरज असते तेव्हा ऊब राहत नाही. सह्याद्रीत आपण सर्रास सुती टी-शर्ट घालतो, तोही इथे बॅगेतच राहू द्या. ओला झाला की अंगावर वाळत नाही.

आता खटकलेलं. लहान मापाचे बूट फारच कमी. माझ्या मुलीचा पाय चार नंबरचा, तिला बसेल अशी अख्ख्या दुकानात एकच जोडी होती. तीही आधी कोणी नेली असती तर ती बिचारी दोन मोजे चढवून पाच नंबरात पाय घासत गेली असती. ट्रेकला इतक्या मुली येतात, तर त्यांच्या मापाचं सामान ठेवायलाच हवं. हातमोज्यांचंही तेच, सगळे पुरुषी पंजाचे. मोजे आणि हातमोजे घरूनच न्या. भाड्याचे हातमोजे आतून पुरते वाळलेले आहेत की नाहीत हे कळतच नाही.

दुसरी गोष्ट अनामत रकमेची. ते मूळ आधार कार्ड ठेवून घ्यायला बघतात. मी नकार दिला. वाटेत वनखात्याच्या नोंदीला ओळखपत्र लागतं आणि मूळ कागद परक्या दुकानात सोडणं मला कधीच पटणार नाही. थोडं बोलल्यावर झेरॉक्स आणि रोख अनामत यावर ते राजी झाले. तेव्हा झेरॉक्स बरोबर ठेवा आणि रोकडही, कारण सांकरीत नेटवर्कच्या भरवशावर पैसे पाठवणं जमेलच असं नाही.

परत करताना माझ्या एका गेटरचा (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर चढवायच्या आवरणाचा) बुटाखालून जाणारा पट्टा दगडांवर घासून तुटलेला होता. मी तो स्वतःहून दाखवला. त्यांनी पट्टा उलटसुलट पाहिला, “ये तो घिसता ही है” म्हणाले आणि अनामत पूर्ण परत दिली. पावतीवर घेताना प्रत्येक वस्तू लिहिली होती, देताना एकेक खोडली. कुठे घासाघीस नाही, आवाज चढवणं नाही.

नाताळ ते नववर्षाच्या आठवड्यात सांकरी ट्रेकर्सनी गच्च भरलेलं असतं, तेव्हा चांगल्या बॅगा आणि नेमक्या मापाचे बूट दुसऱ्या दिवशी सकाळी मिळत नाहीत. गाडीतून उतरलात की चहा नंतर प्या, आधी दुकानात जा. पायऱ्यांवरून चालून बघायला निदान अर्धा तास हाताशी ठेवा आणि जाड मोजे सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा.