ग्रोमेटनंतरची कानपट्टी : पाच महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या दोन्ही कानांत या फेब्रुवारीत ग्रोमेट बसवले, म्हणजे पडद्यामागे साचलेला चिकट द्राव काढून पडद्यात एकेक बारीक नळी ठेवली. त्यानंतर कानात पाणी जाऊ नये म्हणून बेळगावच्या खडेबाजारातील एका औषधाच्या दुकानातून निओप्रीनची कानपट्टी आणि मऊ सिलिकॉनचे बोळे असा संच साडेसहाशे रुपयांना घेतला. पाणबुड्यांचे पोशाख ज्या रबरी कापडाचे शिवतात, त्याच कापडाची ही पट्टी असते. खानापूरच्या पावसाळ्यासकट पाच महिने ती वापरल्यावर हे लिहीत आहे.

पट्टी काम चोख करते. मात्र पहिले आठ दिवस मुलीने ती डोक्याला लावूच दिली नाही, आणि त्यामागचे कारण आम्हाला फार उशिरा कळले. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तिथे तपासणीच्या वेळी दोघांनी तिचे हात घट्ट धरून कान पुसले होते. त्यामुळे कानाजवळ कोणाचाही हात आला की ती किंचाळते, असे आम्ही धरून चाललो होतो. ते काही अंशी खरेही होते. पण एके दिवशी पट्टी ओढून काढत ती म्हणाली, "आई, परत बंद झालं." वर्षभर तिला सगळे दबलेले ऐकू येत होते, शस्त्रक्रियेनंतर कुठे पत्र्यावरचा पाऊस आणि कुकरची शिट्टी स्पष्ट ऐकू येऊ लागली होती, आणि आम्ही काही न सांगता तिचे कान पुन्हा झाकत होतो. तिला पट्टी टोचत नव्हती, ऐकू येणे पुन्हा जाईल याची तिला भीती वाटत होती.

त्यानंतर आम्ही पाणी बाजूला ठेवले आणि कोरड्या अंगानेच सराव सुरू केला. आधी पट्टी बाहुलीला, मग आज्जीला. आज्जींनी ती बांधून घेतली आणि म्हणाल्या, "काय बोलालीस बाळ, मला ऐकूच येत नाही की!" मुलीने स्वतःच्या हाताने पट्टी सोडवली आणि आज्जींना ऐकू येते का, हे कानाशी तोंड नेऊन तपासले. मग स्वतःला बांधायची, आम्ही दहापर्यंत बोटे दाखवायची आणि दहाव्या बोटाला काढायची, असे ठरले. काढण्याचा हक्क तिच्याकडे राहिल्यावर चौथ्या दिवशी तिने अंघोळीत पट्टी तशीच ठेवली.

कानात घालायच्या औषधाच्या थेंबांच्या बाबतीतही हेच उपयोगी पडले. बाटली आधी दोन मिनिटे मुठीत धरून कोमट करावी लागते, कारण गार थेंब कानात पडताच चक्कर येऊ शकते. ही बाटली "उबवण्याचे" काम आम्ही तिच्याच मुठीकडे दिले. थेंब घातल्यावर कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा चार-पाच वेळा हलकेच दाबला की औषध नळीतून आत उतरते. तिथून ते घशापर्यंत पोहोचते आणि कडू लागते, म्हणून गुळाचा खडा तयार ठेवावा. कानात खोबरेल घालण्याची आज्जींची जुनी सवय मात्र डॉक्टरांनी साफ बंद केली.

पट्टीची गरज किती, हेही स्पष्ट सांगायला हवे. आमच्या डॉक्टरांच्या मते साध्या अंघोळीला बहुतेक मुलांना कान झाकण्याची गरज नसते. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या 2013 आणि 2022 च्या मार्गदर्शिकाही सरसकट कान झाकायला सांगत नाहीत. साबणाचे पाणी मात्र नळीतून सहज आत शिरते आणि नदी-तळ्याच्या पाण्यातून संसर्ग होऊ शकतो. म्हणून केस धुताना आणि मलप्रभा नदीच्या घाटावर आम्ही पट्टी लावतो, एरवी नाही. पडदा शिवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या मुलाचा कान मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस पूर्ण कोरडाच ठेवावा लागतो, तिथे हा हिशेब लावू नये.

सिलिकॉनचे बोळे मला पट्टीइतके पसंत पडले नाहीत. ते कानात खोल न ढकलता भोकावर चपटे करून बसवायचे असतात, ही गोष्ट पाकिटावर फक्त इंग्रजीत, तीही बारीक अक्षरांत आहे. इथल्या घरांत मराठी आणि कन्नड वाचले जाते. शिवाय लहान मूल तो बोळा तोंडात घालू शकते, म्हणून वापर झाला की लगेच मोजून डबीत ठेवावेत. मापही फसवे आहे. वय पाहून पट्टी घेतली तर ती सैल होते, त्यामुळे शिंप्याच्या टेपने डोक्याचा घेर मोजूनच दुकानात जावे.

पावसाळ्यात पट्टी दोन-दोन दिवस वाळत नाही आणि वास मारते, म्हणून दुसरी घ्यावी लागली. मागच्या वेलक्रोत केस अडकून एकदा मुलगी रडली होती. तेव्हापासून आधी वेणी, मग पट्टी, हा क्रम तीच आम्हाला आठवण करून देते.