ल्युटिनो नर की ल्युटिनो मादी? कॉकटीलची जोडी निवडताना

कॉकटील या तुरेवाल्या लहान पोपटांपैकी एक ल्युटिनो (पिवळसर-पांढऱ्या रंगाचा) आणि एक राखाडी पक्षी घेऊन जोडी लावायची असेल, तर त्यांपैकी नर कोणता यावर पिल्लांचे रंग पूर्णपणे बदलतात, आणि क्रॉफर्ड मार्केटमध्ये पक्षी पाहायला जाण्याआधीच हे समजून घेणे आवश्यक आहे.

पक्ष्यांमध्ये नराकडे दोन झेड गुणसूत्रे असतात, तर मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. ल्युटिनोचे अप्रभावी जनुक झेडवर असते. त्यामुळे ते एकदाच मिळाले तरी मादी पिवळसर-पांढरी आणि लाल डोळ्यांची होते. नराला मात्र ते आई-बाप दोघांकडून मिळावे लागते. एकाकडूनच मिळाले तर नर दिसायला राखाडीच राहतो, आणि पाळणारे त्याला ‘स्प्लिट’ म्हणतात.

नर ल्युटिनो आणि मादी राखाडी असेल, तर सगळ्या माद्या ल्युटिनो आणि सगळे नर राखाडी स्प्लिट निपजतात. पिल्लू अंड्यातून बाहेर येताच डोळ्यांच्या लालसर रंगावरून मादी ओळखता येते. एरवी राखाडी नराचा चेहरा पिवळा होईपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिन्यांच्या वयाला होणाऱ्या पहिल्या पिसगळतीपर्यंत थांबावे लागते. मुंबईतल्या लहान घरात, जिथे भावंडे वयात येण्याआधी वेगळी करण्यासाठी पिंजऱ्यांची सोय आधीच करावी लागते, तिथे ही माहिती फार मोलाची आहे.

याउलट नर राखाडी आणि मादी ल्युटिनो घेतली, तर पहिल्या पिढीत एकही ल्युटिनो येत नाही. नर मुळातच स्प्लिट असेल तर येतात, पण ते त्याच्याकडे पाहून कळत नाही आणि विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागते. राखाडी मादीच्या बाबतीत असा संशयच उरत नाही, कारण तिच्यात ल्युटिनो लपून राहू शकत नाही. व्हाइटफेससारखे (पांढऱ्या चेहऱ्याचे), लिंगाशी न जोडलेले अप्रभावी रंग मात्र तिच्यातही लपतात.

दोन्ही पक्षी ल्युटिनो घेतल्यास सगळी पिल्ले ल्युटिनो होतील, परंतु या रंगात तुऱ्यामागे टक्कल पडण्याचा आनुवंशिक दोष आढळतो आणि अशा जोड्या पिढ्यान्‌पिढ्या लावल्यास तो बळावतो. म्हणून ल्युटिनो नर आणि राखाडी मादी हीच जोडी मी सुचवेन. प्रौढ ल्युटिनोचे लिंग नजरेने ठरवणे कठीण असल्याने पैसे देण्यापूर्वी पिसावरून केलेल्या डीएनए चाचणीचा अहवाल मागावा, आणि त्यावरील क्रमांक पक्ष्याच्या पायातील कड्याशी जुळवून पाहावा.