गॅरेजला शटर बसवलं, गेज बघितलं पण उंबरा विसरलो

बेळगावात शहापूरच्या घराची पुढची खोली काढून गाडीला जागा केली आणि मग दरवाजा कसला यावर घरात दोन महिने खल चालला. पोराला व्हिडिओत बघितलेला, वर जाऊन छताखाली आडवा होणारा सेक्शनल पाहिजे होता. पण त्याला आत वर ट्रॅक लागतो आणि आमची जुनी तुळई नेमकी मधे, विषय संपला. दोन पाखांचं गेट लावावं तर ते गल्लीत उघडणार, समोरच्या काकूंची स्कूटर कुठं जाणार? मग राहिलं रोलिंग शटर.

उद्यमबागला एका फॅब्रिकेटरकडं गेलो (नाव नको, माणूस कामाचा आहे पण पुढं वाचा). त्यानं दोन पट्ट्या हातात दिल्या, 20 गेज आणि 18 गेज. मला वाटलेलं आकडा मोठा म्हणजे पत्रा जाड, उलटं असतंय ओ, 18 ची साधारण 1.2 मिमी आणि 20 ची 0.9. अंगठ्यानं दाबलं की 20 वाली लगेच लवते. आमचं 9 फूट रुंद, म्हणून 18 घेतली आणि तीपण जीआयची (जस्ताचा थर दिलेली), साध्या लोखंडाचा रंग इकडच्या पावसात किती टिकणार. मोटर नाही घेतली, स्प्रिंगवर बायकोसुद्धा एका हातानं उचलते. घेणार असाल तर लाईट गेल्यावर हातानं फिरवायची सोय आहे का ते आधी विचारा.

घोळ झाला खाली. आमची गल्ली उताराची, शटरची खालची पट्टी मात्र सरळ, त्यामुळं डावीकडं टेकलं आणि उजवीकडं दोन बोटं फट. मापाला आलेल्या पोरानं टेप वरनं खाली एकाच बाजूला लावला, मीपण तिथंच चहा घेऊन उभा होतो, बोललो नाही. जूनच्या पहिल्याच पावसात पाणी आत, मागनं चिचुंद्री. फोन केला की "येऊलालोय की ओ मामा, रबर मारून देतो", मग गणपती आले, पोरं सगळी मंडपात.

शेवटी गवंड्याकडनं दोन इंचाचा उंबरा लेव्हल करून घेतला, आता गाडी आत घेताना जरा धक्का बसतो पण फट गेली.

शटरला पाचपैकी चार, त्या माणसाला दोन. रबर अजून यायचंय.