बचत गटाचा कापडी पॅड: शिलाई पक्की, माहितीपत्रक लाजरं

अमळनेर-चोपडा भागातल्या आठवडे बाजारात एका महिला बचत गटाचे कापडी पॅड मिळतात. संच 320 रुपयांना: दिवसाचे 3, रात्रीचा 1 आणि ओला पॅड ठेवायची पिशवी. भर बाजारात पाळीवर मोठ्यानं बोलणारी गटाची ताई पॅडवर ग्लासभर पाणी ओतून दाखवते. त्यावर भुलू नका; पाणी चटकन मुरतं, रक्त दाट असतं. खरी परीक्षा शिवणीची, आणि तिथे माल खरा उतरतो. वर सुती फ्लॅनेल, मध्ये त्याचेच 5 थर, खाली पाणी न झिरपणारं लॅमिनेट कापड. मधले थर शिवताना सुई लॅमिनेटमधून नेलेली नाही. गळती होते ती सुईनं पडलेल्या छिद्रांतून.

रंग मात्र चुकला. डाग दिसू नये म्हणून वरचं कापडही गडद मरून. मग पॅड स्वच्छ निघाला की नाही, कळणार कसं?

नवा पॅड आधी दोनदा धुवा. खळ निघाल्याशिवाय तो शोषत नाही. वापरलेला गार पाण्यात अर्धा तास भिजवा. गरम पाण्यानं रक्तातली प्रथिनं गोठतात, डाग कायमचा बसतो. बोअरचं पाणी जड असेल तर साबण धाग्यांत राहतो, तीनदा खळबळा. इस्त्री नकोच, लॅमिनेट वितळतं.

पत्रकात वाळवण्याबद्दल एकच ओळ: ‘मोकळ्या जागी वाळवा’. घरोघरी तो वाळतो दाराआड, नाहीतर मोरीतल्या खिळ्यावर, वरून जुनं लुगडं टाकून. विटाळाचं कापड कुणाच्या नजरेला पडायला नको ना! लॅमिनेटमधून हवा जात नाही, त्यात वर झाकण, म्हणजे आतले थर दमटच. मग वास, खाज, बुरशी, आणि नाव खराब होतं पॅडचं. फ्लॅनेलची बाजू उन्हाकडे करून, उघड्या दोरीवर टाका. मे महिन्यात अर्ध्या दिवसात खडखडीत होतो. श्रावणझडीत दीड-दोन दिवस लागतात, तेव्हा 4 पुरत नाहीत, 6-7 हवेत. बाजारात ताई हे सगळं बेधडक सांगते, पत्रकात छापताना गट का कचरतो?

स्वस्त म्हणून घेऊ नका. जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ हा एकदाच वापरायचा पॅड 1 रुपयाला मिळतो. पाळीला 16 धरले तर 320 रुपये फिटायला 20 महिने. पण घंटागाडी न येणाऱ्या गावात वापरलेले पॅड नाल्यात जातात किंवा जाळले जातात, तिथे हा कापडीच बरा. घेताना प्रत्येक टिचबटण चार वेळा लावून-काढून बघा; सैल निघालं तर जागेवर बदलून देतात.